हत्यार घरचे, माप शास्त्राचे

विमान घरी बांधता येते म्हटले की आपल्याकडे लोक हसतात. परंतु मुंबईस कांदिवलीच्या चारकोप भागात कॅप्टन अमोल यादव या मराठी वैमानिकाने राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभे केले, ही ऐकीव गोष्ट नव्हे. फेब्रुवारी 2016 मध्ये ते सुटे करून क्रेनने खाली उतरविले आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील प्रदर्शनात मांडले.

अशा कामात पहिली अडचण हत्यारांची. कारखान्यात पत्रा वळविण्यास यंत्रे असतात. घरी कोठून असणार? म्हणून देशोदेशींचे हौशी विमानकार आपली हत्यारे आपणच घडवितात. पंखाच्या बरगडीसाठी कठीण लाकडाचा साचा कापून, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा दाबून त्याची कड लाकडी हातोडीने हळूहळू वळवितात. खोलगट आकार हवा तर वाळूने भरलेली चामड्याची पिशवी खाली घेतात. रिव्हेट ठोकताना मागून टेकू द्यावयाचा जड तुकडा भंगारातून निवडतात आणि जागेप्रमाणे घासून घेतात.

राईट बंधूंचेही असेच. 1903 च्या विमानाचे इंजिन त्यांचा मिस्त्री चार्ली टेलर याने सायकलच्या दुकानात सहा आठवड्यांत केले. क्रँकशाफ्टसाठी 31 इंच लांबीची पोलादी फळी घेऊन आकाराभोवती छिद्रांची रांग पाडली, छिन्नी-हातोड्याने जादा भाग उडविला आणि उरलेला लेथवर साफ केला.

आमच्या मंठाळकरांस याचे नवल वाटू नये. बीदर आमचा जिल्हाच. तेथील बिद्री कारागीर जस्त-तांब्याच्या भांड्यावर छिन्नीने नक्षी कोरून चांदी बसवितो आणि किल्ल्यातील माती नवसागरात कालवून भांडे काळे करतो. चांदी तेवढी लखलखीत राहते. तेथे मातीसुद्धा हत्यार झाली! माझे वडील दरबारी गवई. तंबोऱ्याची जवारी काढताना घोडीवर कानस किती फिरवावी, हे ते कानाने ठरवीत.

परंतु येथे एक मोठा भेद आहे. जवारी बिघडली तर पुन्हा घासता येते. विमानाच्या पत्र्यावर सुईने ओढलेली रेघ मात्र पुढे भेगेचे मूळ ठरते. म्हणून वळणाची खूण तेथे सुईने करीत नाहीत, छिद्राची कड गुळगुळीत करतात आणि वळणाची गोलाई कोष्टकातील मापाखाली जाऊ देत नाहीत. ठोकलेल्या रिव्हेटचे डोके दांड्याच्या जाडीच्या साधारण दीडपट रुंद आणि निमपट उंच भरावे लागते. ते तपासावयाची पट्टी घरी करता येईल. तीवरचा आकडा घरचा चालत नाही. यादवांच्या विमानाची सरकारी नोंद नोव्हेंबर 2017 मध्ये झाली, उड्डाणाचा परवाना ऑक्टोबर 2019 मध्ये मिळाला. हा काळ लांबला खरा. पण आकाशात चूक दुरुस्त करावयास उसंत नसते, हेही ध्यानी धरावे.

आपल्या जुन्या घरांतून कानस-हातोडी हे दुसऱ्याचे काम, अशी समजूत अद्याप आढळते. मुलाने ती उचलली तर रागावू नये. आधी त्याच्या हाती मोजपट्टी मात्र द्यावी.