‘कंदीसा’ आणि आमची गल्ली

मे महिन्यात भिलाईत रात्री दहाच्या आधी गच्चीवर बसवत नाही. स्मृति नगरातल्या आमच्या घराची गच्ची दिवसभर तापते, मग दोन बादल्या पाणी मारलं की कुठे सतरंजी टाकता येते. अशाच एका रात्री पुतणीने फोनवर गाणं लावलं आणि छोटा स्पीकर कठड्यावर ठेवला. म्हणाली, “काका, हे ऐक. कालच सापडलं. तुला नाही आवडणार बहुतेक, पण ऐक.”

गिटारचे पहिले सूर आले आणि मला हसू फुटलं. ‘मा रेवा’. तिला काल सापडलेलं हे गाणं तिच्या जन्माच्या आधीपासून माझ्या कपाटात कॅसेटमध्ये पडून आहे.

ज्या अल्बममधलं हे गाणं, त्याचं नाव ‘कंदीसा’. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या बँडने तो 2000 साली काढला, टाइम्स म्युझिककडून. एकूण सात गाणी. तेव्हा बँडमध्ये चौघे होते. सुश्मित सेन गिटार वाजवायचे, राहुल राम बेस गिटार वाजवून गायचे, अमित किलम ड्रम्सवर असायचे आणि असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गायचे. ही शेवटची गोष्ट वाचायला साधी वाटते, पण तबला वाजवत मुख्य गायन करणारा माणूस तुम्ही किती वेळा पाहिलाय? असीम मांडी घालून बसायचे, हात आपलं काम करत राहायचे आणि वरून तो मोकळा, जरासा खरखरीत आवाज निघायचा. रॉक बँड म्हणजे उभं राहून ओरडणं, अशी आमची कॉलेजातली समजूत त्या एका बैठकीने मोडली.

कॅसेट मी सिव्हिक सेंटरच्या एका दुकानातून घेतली होती. दुकानदाराला ती कुठल्या खणात ठेवावी हेच कळत नव्हतं. इंग्रजीत ठेवावी तर गाणी इंग्रजी नाहीत, हिंदीत ठेवावी तर सिनेमा नाही. शेवटी ती भजनांच्या शेजारी पडून होती. आता वाटतं, फार काही चुकलं नव्हतं त्याचं.

भिलाईबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 साली सुरू झाली आणि देशभरातून माणसं इथे आली. आमचे आजोबा विदर्भातून आले. सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये एका बाजूला केरळचं कुटुंब, दुसऱ्या बाजूला बलियाचं, वरच्या मजल्यावर आंध्रचं. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागतं. मग ज्यांना गावी परतायचं नव्हतं त्यांनी स्मृति नगरसारख्या वस्त्यांमध्ये घरं बांधली. आमच्या गल्लीत आजही सकाळी चार-पाच भाषांत भांडणं ऐकू येतात.

आणि हा अल्बम ऐकताना माझं नेमकं तेच झालं. त्यातली तीन गाणी आमच्या गल्लीतल्या तीन घरांची निघाली.

अल्बमला ज्याचं नाव दिलंय ते ‘कंदीसा’ गाणं मी वर्षभर अर्थ न कळता ऐकलं. संथ सुरुवात, आवाजावर आवाज चढत जातो आणि देवळाच्या गाभाऱ्यात उभं राहिल्यासारखं वाटतं. ही कुठली भाषा? मित्रांत पैजा लागल्या. कुणी संस्कृत म्हणालं, कुणी म्हणालं बनवलेली भाषा आहे. उत्तर शेजारच्या आंटींनी दिलं. आंटी मूळच्या कोट्टायमकडच्या, दर रविवारी न चुकता चर्चला जाणाऱ्या. गाणं भिंतीपलीकडे ऐकू गेलं आणि त्या गेटपाशी येऊन उभ्या राहिल्या. ती अरामाईक भाषेच्या सिरियाक रूपातली प्रार्थना होती. येशूच्या काळात अरामाईक बोलली जायची आणि केरळच्या सिरियन ख्रिस्ती चर्चमध्ये सिरियाक अजूनही टिकून आहे. ‘कंदीसा’ म्हणजे पवित्र. पण आंटींची एक तक्रार होती. त्यांच्या मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये पश्चिम सिरियाक उच्चार चालतात, तिथे ‘आ’चा ‘ओ’ होतो. गाण्यातला उच्चार पूर्व सिरियाक वळणाचा. “हमारा वाला थोडा अलग है,” असं म्हणत त्यांनी आपल्या पद्धतीने दोन ओळी म्हणून दाखवल्या, गेटला हात टेकवून, डोळे मिटून. ते ऐकल्यावर मला बँडचं गाणं पहिल्यासारखं ऐकता आलं नाही.

‘हिल्ले ले’चं वेगळं झालं. ते भोजपुरी गाणं आहे, कवी गोरख पांडे यांचं. गोरख पांडे दिल्लीत जेएनयूत होते आणि 1989 साली त्यांनी आयुष्य संपवलं. गाण्यात जनतेची पलटण येते आणि जग हलून जातं. आम्ही पोरं त्यावर नाचायचो. समोरचे बलियाचे काका, कारखान्यात क्रेन चालवलेले, आधी हसले. दिल्लीचे गिटारवाले आता भोजपुरी गाणार म्हणून. मग हसू थांबलं आणि ते 1 जुलै 1992 बद्दल बोलू लागले. त्या दिवशी भिलाईच्या पॉवर हाऊस स्टेशनाजवळ रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पंधराहून अधिक माणसं गेली. त्याआधी 28 सप्टेंबर 1991 च्या रात्री कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांना भिलाईतल्याच त्यांच्या घरात झोपेत गोळी घातली गेली होती. काका बोलत होते तोवर कॅसेटची बाजू संपली. ती उलटायला कुणी उठलं नाही.

सगळा अल्बम असा आहे असं म्हणणार नाही. ‘कौन’ माझ्या डोक्यात कधी बसलंच नाही, आजही मी ते पुढे ढकलतो. ‘खजुराहो’ पावसाळ्यात बरं वाटतं.

आता तिसरं घर. ते आमचंच.

रेवा म्हणजे नर्मदा. मराठी घरात हे वेगळं सांगावं लागत नाही. गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आमच्याकडे शिवण सुटेपर्यंत वाचली गेलीय. आईने सत्तरी ओलांडल्यावर बसने परिक्रमा केली. अमरकंटक तर इथून जवळच, छत्तीसगडच्या सीमेला लागून, दर दोन-तीन वर्षांनी जाणं होतंच. त्यामुळे कॅसेट आणली तेव्हा सगळ्यात आधी ‘मा रेवा’ आईने आपलंसं केलं. ढोलके-बिलके ठीक आहेत, म्हणाली, पण नर्मदामय्याचं भजन आहे, चालू दे.

गच्चीवर त्या रात्रीही ती तेच म्हणाली. पुतणी मात्र फोनवर गाण्याबद्दल काहीबाही वाचत होती. तिने विचारलं, “आजी, हे भजन आहे की आंदोलनाचं गाणं?”

खरं तर दोन्ही. हे नर्मदा खोऱ्यातलं लोकगीत आहे. राहुल राम यांनी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पर्यावरणातल्या विषारी द्रव्यांवर पीएचडी केली आणि परत आल्यावर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची काही वर्षं ते नर्मदा बचाव आंदोलनात होते. गाणं तिथून बँडमध्ये आलं. धरणाच्या पाण्यात महाराष्ट्रातली 33 गावं येत होती, सगळी आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली. अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली त्यातलं पहिलं. तिथलं शूलपाणेश्वराचं जुनं देऊळही बुडालं, नवं गुजरातेत गोऱ्याला बांधलं.

शूलपाणेश्वर म्हटल्यावर आई सरळ होऊन बसली. परिक्रमेच्या पुस्तकांत शूलपाणीची झाडी हमखास येते. त्या जंगलात भिल्ल ‘मामा’ परिक्रमावासीयांना अडवतात आणि अंगावरच्या लंगोटीपर्यंत सगळं काढून घेतात. मय्या अहंकार उतरवते, असा त्याचा अर्थ लावला जातो. आमच्या लहानपणी आई ही गोष्ट फार रंगवून सांगायची. तिच्या बसने मात्र झाडी टाळली होती, वरच्या रस्त्याने नेलं.

पुतणीने फोन तिच्यापुढे धरला. मणिबेलीची माणसं, पाणी चढलेलं असताना घर न सोडता उभी. आईने चष्मा मागवला. बराच वेळ पाहत राहिली. मग विचारलं, “हेच का ते मामा?”

भिल्ल, पावरा, तडवी, तिथलेच लोक, मी म्हटलं.

“मग आता कुठे राहतात?”

काहींना पुनर्वसनाच्या गावात जमीन मिळाली, काहींचा झगडा वर्षानुवर्षं चालला, काही डोंगरावर वर सरकले. मी जमेल तसं सांगितलं. पन्नास वर्षं ती गोष्ट सांगताना हा प्रश्न तिला पडला नव्हता, आणि पंचवीस वर्षं ते गाणं ऐकताना मलाही तो तिच्यापुढे मांडावासा वाटला नव्हता, हे मला तिथे बसल्या बसल्या जाणवलं. मी गाण्यातला बेस किती छान आहे हेच सगळ्यांना ऐकवत आलो.

पुतणीला आता बँडला प्रत्यक्ष ऐकायचंय. तिला सांगावं लागलं, तो चौघांचा बँड आता नाही. असीम चक्रवर्ती 25 डिसेंबर 2009 रोजी गेले. सुश्मित सेन 2013 मध्ये बाहेर पडले. राहुल राम आणि अमित किलम नव्या साथीदारांबरोबर वाजवतात, आणि चांगलं वाजवतात. पण तबल्यामागून येणारा तो आवाज फक्त रेकॉर्डिंगमध्ये उरलाय. ती थोडी खट्टू झाली. मग म्हणाली, कॅसेट दाखव. कॅसेट सापडली, वाजवायला यंत्र नाही.

आईने पुन्हा ‘मा रेवा’ लावायला सांगितलं. या वेळी तिने टाळी धरली नाही, नुसती ऐकत राहिली. शेजारच्या गच्चीवर आंटींचा दिवा लागला. मी पुतणीला म्हटलं, आवाज जरा कमी कर, समोरच्या काकांच्या मुलाची उद्या पहिली पाळी आहे.