निकाह झाला, आता व्हिसा : आधी कागदं जुळवा

आपल्या देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, चिखली या पट्ट्यातली मुलं नोकरीसाठी आखातात जातात. एखाद्या घरची सोयरीक थेट लंडन किंवा शिकागोलाही जुळते. निकाह दोन तासांत होतो. मग मुलगी माहेरी थांबते, सहा महिने उलटतात, आणि बिरादरीत कुजबुज सुरू होते की मुलानं फसवलं. बऱ्याचदा फसवलेलं नसतं, कागद अडलेला असतो.

शरीयतप्रमाणे निकाहनामा पुरेसा आहे. पण परदेशी वकिलातीला सरकारी नोंद लागते. आपल्याकडे ही नोंद १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली होते, शहरात नगरपरिषदेत आणि खेड्यात ग्रामपंचायतीत. अर्जावर नवरा, बायको, तीन साक्षीदार आणि काझीसाहेब यांच्या सह्या लागतात. मुदत ९० दिवसांची. उशीर झाला तर जादा शुल्क भरून नोंद होते. सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करा, असं सुप्रीम कोर्टानं २००६ मध्येच सांगितलं आहे. मुलगा मोजक्या सुट्टीवर आलेला असतो, म्हणून आमचं सांगणं साधं आहे : वलीमा झाला की दुसऱ्या दिवशी नगरपरिषद गाठा.

खरी अडचण नावांची. शेखचं इंग्रजी स्पेलिंग शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं. मुलीचं नाव कुठं नुसतं, कुठं 'बी' जोडून, कुठं वडिलांच्या नावासह. शाळेत दाखले लिहिताना आम्ही हे रोज पाहतो. पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र आणि निकाहनामा या तिन्हींवर अक्षर न् अक्षर सारखं हवं. निकाहनामा उर्दूत असेल तर इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून घ्यावं.

यानंतर प्रमाणपत्रावर राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा. ओमान, बहरीन आणि २०२२ पासून सौदी अरेबियासाठी 'अपोस्टील' चालतं. अमिराती, कतार, कुवेतसाठी मात्र त्यांच्या वकिलातीचं साक्षांकन वेगळं करावं लागतं.

पैशाचं गणितही निकाहाआधीच मांडावं. अमिरातीत बायकोला बोलवायला नवऱ्याचा पगार किमान ४,००० दिरहम हवा, किंवा ३,००० दिरहम आणि राहायची सोय. सौदीत कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला ४०० रियाल शुल्क आहे. बायको आणि दोन मुलं म्हटली की वर्षाला १४,४०० रियाल झाले! त्यामुळे तिथं नोकरी असूनही बरेच जण कुटुंब नेत नाहीत, हे मुलीकडच्यांनी आधीच विचारून घ्यावं. त्यात लाज कसली?

ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांसाठी वर्षाचं उत्पन्न २९,००० पौंड लागतं. शिवाय मुलीची सोप्या पातळीची इंग्रजी परीक्षा आणि क्षयरोगाची तपासणी. अमेरिकेत मुलगा तिथला नागरिक असेल तर बायकोला कोट्याची रांग नाही; फक्त ग्रीन कार्ड असेल तर रांग आहे. तो 'एच-१बी'वर असेल तर बायको 'एच-४'वर जाते. तेव्हा "मुलगा अमेरिकेत आहे" एवढ्यावर खूश होऊ नका, कोणत्या व्हिसावर आहे ते विचारा.

फोनवरच्या किंवा व्हिडिओवरच्या निकाहाबद्दल जपून राहा. नवरा-बायको दोघं एका ठिकाणी हजर नसतील, तर त्यानंतर ते प्रत्यक्ष एकत्र राहिल्याशिवाय अमेरिकेचा इमिग्रेशन कायदा तो विवाह धरत नाही. मुलगा एकदा येऊ द्या, मगच अर्ज करा.

दुसऱ्या निकाहाचा प्रश्नही येतो. ठाण्यातल्या एका मुस्लिम गृहस्थाचा अल्जेरियाच्या महिलेशी तिसरा विवाह होता. महापालिकेनं नोंदणी नाकारली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टानं सांगितलं की १९९८ चा कायदा मुस्लिम पर्सनल लॉला बाजूला सारत नाही. म्हणजे कार्यालयातल्या बाबूचा नकार शेवटचा नसतो. पण इथं नोंद झाली तरी पहिली बायको असताना दुसरीला ब्रिटन किंवा अमेरिका व्हिसा देत नाही.

निकाह ठरवतानाच मुलाच्या पासपोर्टची, व्हिसाची किंवा इकाम्याची प्रत मागून घ्या. आधी तलाक झाला असेल तर त्याचेही कागद. आणि नेतो नेतो म्हणून नवरा टाळत राहिला, तर राष्ट्रीय महिला आयोगाच्या अनिवासी भारतीय कक्षाकडे तक्रार करता येते. परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टलही आहे. तिथंही पहिला कागद मागतात तो नोंदणी प्रमाणपत्राचा.