पिसवेच्या गळ्यातला बोळा

परळच्या जुन्या राजभवनात, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, प्लेग संशोधन आयोगाने १९०५ नंतर केलेले प्रयोग साध्या साधनांतले होते आणि फार देखणे होते. प्लेग झालेले आणि निरोगी प्राणी एकत्र ठेवले, तरी पिसवा नसतील तर लागण होत नसे. पिसवा असलेल्या खोलीत जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेला गिनीपिग मरायचा, दोन फुटांवरचा वाचायचा. पिसवेची उडी तिथवर पोचत नव्हती.

त्याआधी मुंबईच्या मांडवीत सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी प्लेगच्या साथीचा पहिला रुग्ण ओळखला होता. घरात आधी उंदीर मरून पडतात, मग माणसांना गाठी येतात, हे चाळीचाळीतून लोक पाहत होते. संशोधक पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत पिसवेकडे बोट दाखवलं, पण तज्ज्ञांनी ते मनावर घेतलं नाही. परळच्या पुराव्यानंतर शंकेला जागा उरली नाही.

मात्र प्लेगचा जंतू मुळात पिसवेचा प्रवासी नव्हता.

त्याचा पूर्वज दूषित अन्नपाण्यातून पोटात जाई आणि सहसा पोटदुखी-तापावर भागे. पिसवेमार्फत पसरण्यासाठी त्याला मोजकेच बदल पुरले. एक जनुक बाहेरून मिळालं. त्याच्या बळावर तो पिसवेच्या आतड्यात तगू लागला. बाकीची कमाई गमावण्यातून झाली, आणि उत्क्रांतीतली ही बाजू फारच कमी सांगितली जाते. युरिएज हे विकर बनवणारं जनुक निकामी झालं, तेव्हा पिसू त्याच्यामुळे मरेनाशी झाली. चिकट थर बांधण्यावर लगाम ठेवणारी जनुकंही बिघडली. मग जंतूंचा बोळा पिसवेच्या जठराच्या तोंडाशीच बसू लागला. शोषलेलं रक्त आत उतरत नाही. उपाशी पिसू पुन्हापुन्हा चावते आणि दर चाव्यात जंतूंसह रक्त उलटून टाकते. हा बोळा १९१४ साली बॅकॉट आणि मार्टिन यांनी दाखवला. मार्टिन मुंबईच्या आयोगाच्या कामातलेच. पुढे २०१४ मध्ये अमेरिकन संशोधकांनी हे मोजके बदल पूर्वज-जंतूत घडवून तो पिसवेतून पसरू शकतो, हे प्रयोगशाळेत सिद्ध केलं. रशियात समाराजवळच्या सुमारे ३,८०० वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांत मिळालेल्या प्लेगच्या डीएनएत ते बाहेरून आलेलं जनुक आहे. त्याहून जुन्या कित्येक नमुन्यांत ते नाही.

या नव्या वाटेची किंमत यजमानाने मोजली. पिसू एका वेळी रक्ताच्या थेंबाचा जेमतेम अंश पिते. तेवढ्यात पुरेसे जंतू जायचे, तर उंदराच्या रक्तात त्यांची बेसुमार गर्दी हवी, आणि तशी गर्दी झालेला उंदीर सहसा जगत नाही. तो मेला, अंग थंड पडलं की पिसवा उतरतात आणि मिळेल त्या उबदार अंगावर चढतात.