बुलेटचा कोंडलेला श्वास

इंजिनालाही श्वास असतो, हे मराठीच्या प्राध्यापकाने सांगावे याचे वाचकांना नवल वाटेल. पण वडिलांच्या जुन्या बुलेटने मला हा धडा दिला. ती तेल गाळी. पॅकिंगे दोनदा बदलून झाली, तरी फरशीवरचा डाग हटेना. "विकून टाका," असे घरातून निघाले, आणि ते चूक नव्हते. तेल मागच्या चाकावर गेले की गाडी घसरते, आणि मागे तर आमची मंडळी बसलेली!

शेवटी एका वृद्ध मिस्त्रींनी निदान केले. "सर, पॅकिंग ठीक आहे. गाडीचा श्वास कोंडलाय."

१९५५ साली मद्रासला एनफील्ड इंडिया कंपनी निघाली आणि ही मूळची इंग्रजी गाडी आपल्याकडे बनू लागली. तिचे सिलिंडर एकच. व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धाव ९०. म्हणजे ३४६ सी.सी. पिस्टन खाली आला की त्याच्या खालच्या पेटीतली, म्हणजे क्रँककेसमधली, हवा दाबली जाते. मिनिटाला ३००० फेरे धरले तर सेकंदाला ५० वेळा! ही हवा बाहेर सोडणारी नळी म्हणजे ब्रीदर. तिला बदकाच्या चोचीसारखी रबरी झडप असते; ती हवा बाहेर सोडते, आत घेत नाही. रबर वयाने कडक झाले किंवा नळी गाळाने बुजली, की कोंडलेली हवा सांध्यांतून वाट काढते आणि तेलालाही बरोबर नेते. आमच्याकडे नेमके हेच झाले होते. दोष कारखान्याचा नव्हे, रबराच्या वयाचा.

उपाय सोपा आहे. नळी काढून रॉकेलने धुवावी व वाळवावी. झडप मात्र कोरड्या फडक्याने पुसावी. एका बाजूने फुंकर जावी, उलट बाजूने अडावी. तसे न झाल्यास नवी घालावी. नळी कोठे मुडपू नये आणि तिचे तोंड मागच्या चाकापासून दूर ठेवावे.

गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली, तर कप्प्यातले तेल झिरपून पेटीत साचते आणि सुरू करताच नळीतून उडते. त्याचा दोष झडपेला देऊ नये. पण सर्व करूनही नळीतून सतत धूर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असण्याचा संभव मोठा. तेथे इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

तेव्हा जुनी बुलेट तेल गाळू लागली, तर मोठ्या खर्चाला हात घालण्यापूर्वी ती नळी एकदा पाहावी. रोग्याला शस्त्रक्रियेला नेण्याआधी वैद्यही त्याचा श्वास तपासतोच ना?