पहिला धागा कोणता तुटला?

कारखान्यात अपघात झाला की चौकशी बसते, आणि पुष्कळदा पहिल्याच दिवशी ‘कामगाराची हयगय’ असा शेरा पडून ती संपतेही. असल्या चौकशांत आमची उमर गेली. त्यातून आम्ही एकच प्रश्न विचारायला शिकलो: आधी काय घडले, आणि मग काय घडले? जपानात त्सुकुबा येथे मोठमोठे शास्त्रज्ञ हाच प्रश्न घेऊन बसले, म्हणून ती हकीकत आपल्यापुढे मांडण्याचे धाडस करतो.

तेथे सुपरकेईकेबी नावाचे यंत्र आहे. जमिनीखाली सुमारे ३ किलोमीटर घेराच्या दोन निर्वात नळ्या. एकीतून इलेक्ट्रॉन, दुसरीतून उलट दिशेने पॉझिट्रॉन, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावतात. एका फेरीला १० मायक्रोसेकंद. म्हणजे सेकंदाला एक लाख फेऱ्या! हे कण सलग धारेने जात नाहीत; त्यांचे हजारोंनी पुंजके एकामागून एक, काही नॅनोसेकंदांच्या अंतराने जातात.

सारे सुरळीत चालले असता, काही पूर्वसूचना नसता, दोन-चार फेऱ्यांत शलाकेचा मोठा हिस्सा भिंतीवर आदळून नाहीसा होई. शलाका बाहेर काढून टाकणारी सुरक्षा-व्यवस्था आहे. पण तिलाही काही फेऱ्यांचा अवधी लागतो, आणि तोवर व्हायचे ते होऊन जाते. भरकटलेले कण अडवणारे कॉलिमेटरचे धातूचे जबडे पोळले. २०२४ साली बेल-२ या शोधयंत्राचा सर्वांत आतला पिक्सेल-भाग दुखावला आणि बंद ठेवावा लागला. याच शोधयंत्रातील सिलिकॉनच्या एका थराची जुळणी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मंडळींनी केली आहे; तेव्हा ही चिंता अगदीच परक्याची नव्हे.

आता चौकशीची रीत पाहा. नळीभोवती ठिकठिकाणी कण आदळल्याची वर्दी देणारे मापक बसवले आणि सर्वांची घड्याळे एक केली. प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो. म्हणून वर्दीची वेळ तेवढी सूक्ष्म नोंदली तर पहिली वर्दी कुठली, हे ठरते. पण श्रोतेहो, कण जिथे आदळले तिथेच दोष असतो असे नाही. नळी जिथे अरुंद, तिथे ते आदळणारच; धक्का मागेच कुठेतरी बसलेला असतो. (आमच्याकडे शिक्षा नेमकी अरुंद जागी उभ्या असलेल्याला होते, ते सोडा.) म्हणून दुसरे साधन: प्रत्येक पुंजक्याची जागा प्रत्येक फेरीला टिपणारा अतिवेगवान इलेक्ट्रॉनिक नोंदक. त्याची पाटी गोल असते. जुने पुसत नवे लिहीत जाते, आणि शलाका तुटताच लिहिणे थांबवते. शेवटच्या फेऱ्या मात्र पाटीवर उरतात! असे नोंदक निरनिराळ्या जागी ठेवले की, एकापाशी पुंजका सरळ आणि पुढच्यापाशी वाकडा, म्हणजे दोष त्या दोहोंमध्ये, असा पत्ता लागतो.

पुढे नळ्या उघडल्या, तेव्हा पॉझिट्रॉनच्या नळीच्या काही सांध्यांत काळे डाग निघाले. गळती रोखण्यासाठी लावलेले लुकणासारखे द्रव्य आत उतरले होते. नळीला बाहेरून ठोके देऊन पाहिले, तर आतला दाब एकाएकी उसळला आणि शलाका गेली. धुळीचा कणच तो! मग सांधे पुसण्याचे काम निघाले. मात्र एवढासा कण इतक्या थोड्या वेळात अख्खी शलाका कशी उधळतो, याचा हिशेब अजून पुरता जुळलेला नाही.