सातबारा जिवंत, तर घर शाबूत



ऊस विकास खात्याच्या माणसाने लागण, बेणे, खत, पाणी याविषयीच सांगावे, अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. पण या अंकात शेताच्या कागदांविषयी लिहीत आहे. मालक गेल्यावर उभ्या उसाचे आणि बिलाचे काय करायचे, हा प्रश्न शेवटी आमच्या गट ऑफिसच्या दारातच येतो.

एक उदाहरण सांगतो, नाव-गाव सांगत नाही. साडेचार एकर आडसाली ऊस, नोंद वडिलांच्या नावे. ऐन गळीत हंगामात वडील वारले. ऊस वेळेवर तुटला, वजन झाले, बिल निघाले आणि वडिलांच्या खात्यावर जमा झाले. खात्याला नॉमिनी नाही. सातबारावर तर अजून आजोबाच! धाकटा म्हणतो, थोरल्याने पैसे उचलायचे नाहीत. थोरला म्हणतो, मग सोसायटीचे कर्ज एकट्याने मी का भरू? बहिणींना कोणी विचारलेच नाही. ज्या माउलीने चाळीस वर्षे त्या रानात खुरपे चालवले, तिच्या औषधपाण्याला पैसे नाहीत. पैसा बँकेत होता, पण हात लावता येत नव्हता. खोडव्याला खत वेळेवर पडले नाही, ते वेगळेच.

मंडळी, ही वेळ टाळता येते. त्यासाठी पुढील गोष्टी ध्यानात घ्या.

१) वारस नोंद : घरातला खातेदार गेला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे देऊन अर्ज करावा. फेरफार निघतो, नोटीस लागते, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. मेलेल्या खातेदारांची नावे इतकी साचली होती, की २०२५ साली राज्य सरकारला त्यासाठी ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढावी लागली. सातबारावर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असे असेल, तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेला आहे. त्याच्यामागे फक्त त्याचीच पोरे लावून चालत नाही, बाकीच्या भावांचाही हक्क त्यात असतो.

२) कोणाचा किती हक्क : हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे. मृत्युपत्र न करता पुरुष वारला, तर त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत बायको, मुलगे, मुली आणि आई या सर्वांना सारखा वाटा मिळतो. समजा स्वतः घेतलेली चार एकर जमीन आहे, म्हणजे १६० गुंठे. मागे आई, पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. पाच वारस झाले, प्रत्येकी ३२ गुंठे. पुष्कळांना वाटते की आईचा हिस्सा नसतो. तो असतो.

वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच, आणि तो जन्मापासून. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने तो मिळाला. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. लग्न झाले म्हणून तो हक्क जात नाही. बहीण राजीखुशीने हक्कसोड देत असेल तर तो दस्त नोंदणीकृत हवा. पण माहेरपणाला आली असताना घाईने सही घेणे, हे कायद्यालाही धरून नाही आणि भावालाही शोभत नाही. मुस्लिम सभासदांना त्यांचा वैयक्तिक कायदा लागू होतो, त्यांनी त्याप्रमाणे सल्ला घ्यावा.

३) नॉमिनी म्हणजे मालक नव्हे : सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३० प्रमाणे सभासद वारल्यावर शेअर नॉमिनीच्या नावे वर्ग होतो. नॉमिनी नसेल तर वारस ठरवण्यात वेळ जातो. म्हणून कारखाना, सोसायटी आणि बँक या तिन्ही ठिकाणी नॉमिनी लावा. मात्र नॉमिनेशनने वारसांचा हक्क बुडत नाही. पैसे त्याच्या हाती आले तरी वाटा सर्वांचा. हे घरात सगळ्यांसमोर बोलून ठेवा.

४) मृत्युपत्र : साध्या कागदावर चालते, स्टँप लागत नाही. सही दोन साक्षीदारांसमक्ष करावी आणि त्यांनीही सह्या कराव्यात. ज्याला मिळकत मिळणार त्याला साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. गट नंबर आणि क्षेत्र स्पष्ट लिहा. लक्षात घ्या, वडिलोपार्जित जमिनीत फक्त आपल्या हिश्श्यापुरतेच मृत्युपत्र करता येते.

५) वाटणी : सर्वांची संमती असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे अर्ज करून वाटप होते. मात्र तुकडेबंदीचे किमान क्षेत्र (२०२३ पासून बागायत १० गुंठे, जिरायत २० गुंठे) पाहून तुकडे पाडा. आणि एक अनुभवाची गोष्ट सांगतो. लोक गुंठे काटेकोर वाटतात अन् पाणी तोंडी ठेवतात. विहीर कोणाच्या हिश्श्यात, पाण्याच्या पाळ्या कशा, मोटारीचे वीजबिल कोणी भरायचे, पाइपलाइन कोणाच्या रानातून आणि गाडीवाट कुठून, हे सारे लिहून काढा. वाट नसेल तर तोडलेला ऊस बाहेर कसा काढणार? बांधाच्या भांडणापेक्षा पाण्याची भांडणे आम्ही जास्त पाहतो.

६) कर्ज लपवू नका : वारसांना जमीन मिळते तसे देणेही येते, मात्र मिळालेल्या मिळकतीपुरतेच. सोसायटी, बँक, हातउसने, सगळे एका वहीत मांडा. शेअर सर्टिफिकेट, पासबुके, खरेदीखते कुठल्या पेटीत आहेत, तेही लिहा. ही वही मालकिणीला ठाऊक असू द्या.

पुढचा हंगाम सुरू होण्याआधी एक दिवस काढा. आपला सातबारा आणि आठ-अ उतारा काढून त्यावरची नावे मोठ्याने वाचा. त्यातला एक जरी माणूस हयात नसेल, तर त्याच आठवड्यात अर्ज द्या. गुंतागुंत असेल तर वकिलाचा सल्ला घ्या, त्याची फी कोर्टातल्या वीस वर्षांपेक्षा स्वस्तच पडते. शेअर नॉमिनेशनचा फॉर्म गट ऑफिसात मागा, भरून द्यायला आमचे कर्मचारी मदत करतील.

जमीन आपण पोटाला चिमटा घेऊन राखली. पोरांच्या हाती देताना ती निर्वेध द्यावी, एवढीच विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी