व्हिडिओ चालला, दुकानाचं काय?

छोट्या दुकानदाराला धंद्यासाठी व्हिडिओ करता का असं विचारलं, की दोनपैकी एक उत्तर येतं. ‘आमच्याकडे लोक नावानं येतात, व्हिडिओ कशाला?’ किंवा ‘पुतण्याला सांगितलंय, एक रील व्हायरल झाली की बघा!’ पहिल्याला व्हिडिओ म्हणजे पोरखेळ वाटतो, दुसऱ्याला लॉटरी. भंडारा जिल्ह्यापुरतं बोलायचं तर दोन्ही चुकीचं आहे.

या जिल्ह्यात नावाजलेल्या वस्तूंची कमी नाही. भंडाऱ्याची पितळी भांडी आहेत, मोहाडी-आंधळगावचं कोशाचं कापड आहे, तुमसरच्या बाजारातला तांदूळ आहे. अडचण अशी, की काउंटरवर ठेवलेली खरी वस्तू आणि तिची नक्कल बहुतेकांना सारखीच दिसते. फरक असतो तो घडवण्यात, आणि ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. ते दाखवणं हेच व्हिडिओचं काम. हे धरून चाललं, की बाकीचे गैरसमज आपोआप उघडे पडतात.

गैरसमज : चांगल्या व्हिडिओला महागडा कॅमेरा लागतो.

वस्तुस्थिती : लागतो तो दाखवण्याजोगा क्षण. कल्हईचंच बघा. भांडं भट्टीवर तापतं, कारागीर नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर उठतो. मग तापलेल्या पितळेला कथील टेकवून तो कापसाच्या बोळ्यानं झरझर फिरवतो आणि बघता बघता भांड्याचं पिवळं पोट पांढरं चकाकायला लागतं. हे सगळं अर्ध्या मिनिटात मावतं. सोबत एक वाक्य पुरे : ‘कल्हई नसेल तर पितळेत ताक-चिंच कळकते.’

हा व्हिडिओ हातातल्या फोनवर होतो. लेन्स रुमालानं पुसा, तिच्यावर बोटांचं तेल असतं. उजेड पाठीमागून नको, समोरून किंवा बाजूनं येऊ द्या. फोन उभा धरा आणि हलवू नका. पैसे खर्चायचेच असतील तर आधी कॉलरला लावायचा साधा माइक घ्या. चित्र थोडं अंधुक असलं तर लोक चालवून घेतात, पण आवाज कळला नाही तर पुढे सरकतात. आणि चकाकणारं भांडं शेवटासाठी राखून ठेवू नका, पहिल्या दोन-तीन सेकंदांतच दाखवा. दुकानाच्या पाटीपासून सुरुवात केली तर थांबून बघणारे थोडेच.

गैरसमज : व्ह्यूज वाढले म्हणजे गिऱ्हाईक वाढलं.

वस्तुस्थिती : व्ह्यू म्हणजे काय, हे ज्याचं त्याचं ॲप ठरवतं आणि बदलतंही. 31 मार्च 2025 पासून यूट्यूब शॉर्ट्सवर व्हिडिओ सुरू झाला किंवा पुन्हा फिरला, की व्ह्यू मोजला जातो. किती वेळ पाहिला याची अट त्यात नाही. म्हणजे बोटानं वर सरकवता सरकवता क्षणभर दिसलेला व्हिडिओही आकड्यात जमा.

शिवाय व्ह्यू कुठून आला हे महत्त्वाचं. साकोलीतल्या कल्हईवाल्याचं गिऱ्हाईक साकोली, लाखनी, लाखांदूरचं. इंदूरहून आलेल्या लाखभर व्ह्यूजपेक्षा जिल्ह्यातल्या पाचशे लोकांनी पाहिलेलं त्याच्या जास्त कामाचं. कुरिअरनं साडी पाठवणाऱ्या विणकराचं गणित वेगळं, त्याला पुणे-मुंबईचे व्ह्यूजही हवेत. म्हणून काउंटरवर एक वही ठेवा. नवीन माणूस आला की ‘कुठून कळलं?’ एवढं विचारून लिहा. ॲपच्या आकड्यापेक्षा ही वही खरं बोलते.

गैरसमज : व्हॉट्सॲप स्टेटसला टाकलं म्हणजे सगळ्यांना दिसलं.

वस्तुस्थिती : स्टेटस दिसायला दोन्हीकडे नंबर सेव्ह असावा लागतो. गिऱ्हाइकाचा नंबर तुमच्याकडे आहे, पण त्यानं तुमचा सेव्ह केलेला नाही, तर त्याला काहीच दिसत नाही. आणि 24 तासांत स्टेटस जातं. त्यामुळे बिल देताना ‘आमचा नंबर सेव्ह करून घ्या’ असं सांगणं हासुद्धा मार्केटिंगचाच भाग आहे.

टिकाऊ व्हिडिओ दोन ठिकाणी ठेवावा. एक यूट्यूबवर, नावात वस्तू आणि गाव घालून : ‘पितळी भांड्यांना कल्हई, भंडारा’. दुसरं गूगल मॅप्सवरच्या दुकानाच्या नोंदीत. ती नोंद फुकट होते आणि तिथं 30 सेकंदांपर्यंतचा व्हिडिओ चढवता येतो. रस्ता शोधणारा माणूस खरेदीच्या बेतानंच निघालेला असतो, त्याला तो तिथंच दिसतो.

गैरसमज : गाणं 30 सेकंदांपेक्षा कमी वापरलं तर चालतं.

वस्तुस्थिती : कॉपीराइट कायदा, 1957 मध्ये अशी सेकंदांची कुठलीही सूट नाही. इन्स्टाग्रामवर घरगुती खात्याला मिळणारी पुष्कळशी गाणी धंद्याच्या खात्याला मिळत नाहीत, याचंही कारण हक्कांचंच आहे. घरच्या लग्नाच्या व्हिडिओवर गाणं टाकणं आणि माल विकायला टाकणं यात फरक धरला जातो. तक्रार झाली तर आवाज बंद होतो किंवा व्हिडिओच उतरवला जातो. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत फुकट संगीत आहे, ते घ्या. तसं पाहिलं तर मागाची खटखट आणि भट्टीचा आवाज असताना गाण्याची गरजच काय?

गैरसमज : जाहिरातीत थोडं वाढवून बोललं तर चालतं.

वस्तुस्थिती : ‘आमचं भांडं सुंदर’ म्हणा, कोणी अडवणार नाही. ‘या भांड्यातलं पाणी प्या, मधुमेह जाईल’ म्हणालात तर अडचणीत याल. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार फसव्या जाहिरातीला 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत. मोबाइलवरची रीलही जाहिरातच. पैसे किंवा फुकट माल घेऊन कोणी तुमच्या दुकानाची तारीफ करत असेल, तर ती जाहिरात आहे हे व्हिडिओत स्पष्ट सांगावं लागतं.

नावांचंही तसंच. भंडारा चिन्नोर या सुवासिक तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. शेजारच्या बालाघाट जिल्ह्याच्या चिन्नोरलाही 2021 मध्ये वेगळं मानांकन मिळालं. दुसरा तांदूळ ‘भंडारा चिन्नोर’ म्हणून विकणं बेकायदा आहे. मानांकनाचं नाव धंद्यात हक्कानं वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्यावी लागते.

विदर्भाच्या करवत काठी साडीलाही मानांकन आहे. तिथं तर बढाईची गरजच नाही, कारण पुरावा कापडातच आहे. काठाचे करवतीसारखे दाते विणताना तीन धोटे चालतात. काठाचा बाणा आणि अंगाचा बाणा दर ओळीला एकमेकांत अडकवला जातो, म्हणून काठाचा रंग अंगात सांडत नाही. कॅमेरा त्या जोडावर न्या, मग साडी उलटून मागची बाजू दाखवा. ‘अस्सल’ हा शब्द दहादा म्हणण्यापेक्षा ही वीस सेकंदं भारी.

गैरसमज : कॅमेऱ्यासमोर पुस्तकी मराठीच बोलावी.

वस्तुस्थिती : दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि झाडीपट्टीची नाटकं रात्रभर मंडप भरवतात. त्या मंडपात बसणारा माणूसच तुमचं गिऱ्हाईक आहे. दुकानात त्याला ‘या ना बाप्पा, बसा’ म्हणता आणि व्हिडिओत ‘आपले हार्दिक स्वागत आहे’ म्हणता, तेव्हा बोलणारा कोणी दुसराच वाटतो. बोला तसंच, जसं रोज बोलता. लिहायचं तेवढं मात्र नीट लिहा : वस्तूचं नाव, भाव, गाव, फोन नंबर. एसटीत आवाज बंद करून बघणाऱ्यालाही ते वाचता आलं पाहिजे.

गैरसमज : रोज एक व्हिडिओ टाकलाच पाहिजे.

वस्तुस्थिती : रोज टाकायच्या नादात दुसऱ्या आठवड्यापासून ‘शुभ सकाळ’ सुरू होतं. धंद्याचा हंगाम बघून बेत करा. लग्नसराईच्या महिनाभर आधी रुखवताची भांडी, दिवाळीपूर्वी कल्हई, धान निघाल्यावर नवा तांदूळ. शिवाय गिऱ्हाईक जे प्रश्न रोज विचारतं त्यांची यादी करा. ‘कोशाची साडी घरी धुवायची का?’, ‘नवा तांदूळ शिजवताना पाणी किती?’ एका प्रश्नाला एक व्हिडिओ. असे दहा झाले की वर्षभर तेच पाठवता येतात.

गैरसमज : फॉलोअर जमले म्हणजे गिऱ्हाईक पक्कं झालं.

वस्तुस्थिती : 29 जून 2020 रोजी सरकारनं 59 ॲप्सवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. तिथं लाखोंनी जमवलेले फॉलोअर एका रात्रीत गेले. जुलैत इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणल्या, सप्टेंबरमध्ये यूट्यूबनं शॉर्ट्स, पण तिथं सगळ्यांना शून्यापासून सुरुवात करावी लागली. ॲप परक्याचं, नियम परक्याचे. म्हणून व्हिडिओ पाहून फोन करणाऱ्याचा नंबर, त्याला विचारून, आपल्या वहीत उतरवा. मूळ व्हिडिओ फोनबरोबरच दुसरीकडेही साठवून ठेवा. व्हॉट्सॲप बिझनेसवर मालाची यादी फोटो-भावासकट फुकट लावता येते, ती लावा.

सुरुवात करायची तर या आठवड्यात एकच करा. गिऱ्हाईक सगळ्यात जास्त वेळा विचारतं तो प्रश्न निवडा, त्याचं उत्तर हातात वस्तू घेऊन मिनिटभरात द्या आणि पुढच्या वेळी कोणी तोच प्रश्न फोनवर विचारला, की त्याला तो व्हिडिओ पाठवा. व्ह्यूज दोनशेच आले तरी हरकत नाही. पाठवलेल्या दहांतले दोन दुकानात आले, तर व्हिडिओनं त्याचं काम केलं.